ट्रायॉप्सचा संच: प्राणी अस्सल, दावा तपासून घ्यावा असा

सुक्या अंड्यांची पुडी, प्लास्टिकची छोटी टाकी, खाद्य आणि रंगीत पुस्तिका असा ट्रायॉप्स (गोड्या पाण्यातल्या डबक्यांत राहणारा, कोळंबीसारखा कवचधारी छोटा प्राणी) पाळण्याचा संच मी भाच्यासाठी ऑनलाइन मागवला होता. दोन-तीन दिवसांत अंडी फुटली आणि ठिपक्याएवढी पिल्ले पोहू लागली, त्यामुळे वस्तू म्हणून संचात खोट नाही.

पाण्याविषयीच्या सूचना मात्र फार त्रोटक आहेत. निसर्गात ही अंडी वाळलेल्या चिखलात वर्षानुवर्षे तग धरतात आणि पावसाचे जवळजवळ क्षारविरहित पाणी मिळाले की फुटतात. म्हणून बोअरचे जड पाणी टाळून डिस्टिल्ड वॉटर वापरावे. पाण्याचे तापमान 22 ते 30 अंश असावे लागते, तेव्हा नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत टाकीला दिव्याची ऊब द्यावी. मार्चनंतर ती लागत नाही. खाद्य कमी पडल्यास मोठे ट्रायॉप्स लहानांना खातात. भाच्याला नेमके हेच सर्वाधिक आवडले.

माझा खरा आक्षेप खोक्यावरील दाव्याला आहे. हा प्राणी 22 कोटी वर्षांत जराही बदललेला नाही, असे तेथे ठळक छापले आहे. ते वाचून भाच्याच्या आजोबांनी, ‘बदललाच नाही, तर तुमची उत्क्रांती गेली कुठे?’ असा प्रश्न टाकला आणि जेवण होईपर्यंत वाद चालला. ट्रायासिक काळातील (सुमारे 25 ते 20 कोटी वर्षांपूर्वीचे) काही जीवाश्म युरोपात आज आढळणाऱ्या ट्रायॉप्स कॅन्क्रिफॉर्मिस या प्रजातीसारखे दिसतात, हे खरे आहे. परंतु हे साम्य ढालीसारख्या कवचाचे आणि शेपटीच्या दोन लांब धाग्यांचे आहे, आणि इतक्या जुन्या दगडात डीएनए उरत नाही. 2013 मध्ये जगभरातील ट्रायॉप्स व त्याच्या नातलगांच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा कॅन्क्रिफॉर्मिस ही प्रजाती अडीच कोटी वर्षांहून अलीकडची ठरली. म्हणजे नाशिकची पांडवलेणी ज्या बेसाल्टमध्ये (लाव्हा थंड होऊन बनलेल्या खडकात) कोरली आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा खडक तिच्याहून कितीतरी जुना आहे. शिवाय अशा संचांत बहुधा अमेरिकेतील लॉन्गिकॉडॅटस ही प्रजाती असते, त्यामुळे 22 कोटींचा आकडा मुळात दुसऱ्याच प्रजातीवरून उचललेला आहे.

काही आठवड्यांत आटणाऱ्या डबक्यात जो आकार उपयोगी ठरतो, त्यापासून फार दूर जाणारे बदल नैसर्गिक निवडीत गाळले जातात. आकार टिकून राहणे हेदेखील उत्क्रांतीचेच काम आहे. सीलाकांथ या माशाचेही तसेच आहे. नामशेष मानला गेलेला हा मासा 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाळ्यात सापडला. त्याच्या 2013 च्या जनुकीय अभ्यासात प्रथिने घडवणारी जनुके मंद गतीने, पण बदलत असल्याचे दिसले. आजोबांनी त्यातला ‘मंद’ तेवढा धरून ठेवला.

प्राणी किंवा टाकीतील पाणी गोदावरीत वा पावसाळी डबक्यांत सोडू नये, कारण ही प्रजाती परकी आहे आणि सह्याद्रीच्या पठारांवरील डबक्यांत या गटातील आपले प्राणी आधीच राहतात. पुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही. पाचपैकी एक तारा मी त्यासाठी कापला आहे, आणि दुसरा खोक्यावरील दाव्यासाठी.