‘कंपोस्टेबल’ कचरा-पिशव्या: पिशवी चांगली, पण ढीग कुठाय?

ओल्या कचऱ्यासाठी ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कचऱ्यासोबत कुजून खत होणाऱ्या, असं छापलेल्या पिशव्यांचे रोल आता किराणा दुकानातही मिळू लागलेत. साध्या काळ्या पिशवीच्या तुलनेत दुप्पट-तिप्पट पैसे पडतात. हे पैसे वसूल होतात का, हे पिशवीपेक्षा तुमचा ओला कचरा पुढे कुठे जातो यावर जास्त ठरतं.

बहुतेक पिशव्या पीबॅट आणि पीएलए या दोन कुजू शकणाऱ्या प्लास्टिकच्या मिश्रणाच्या असतात, काहींत मक्याचा स्टार्चही असतो. हाताला त्या मऊ, किंचित पावडर लावल्यासारख्या लागतात आणि पॉलिथिनइतक्या चुरचुरत नाहीत. घरच्या डब्याला 19 × 21 इंचाचा मधला आकार पुरतो. भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा यांना पिशवी नीट टिकते. उरलेली आमटी, ताक किंवा कलिंगडाची सालं भरून दोन दिवस ठेवलीत, तर मात्र तळाची शिवण आधी पाझरते. म्हणून पाणी निथळून घ्या, तळाशी रद्दीची एक घडी घाला आणि रोजच्या रोज पिशवी बाहेर काढा. गरम रस्सा तर ओतूच नका, उष्णतेने ती मऊ पडून ताणली जाते.

साठवणीतही चूक होते. स्वस्त पडतं म्हणून वर्षभराचे रोल घेऊन ठेवले आणि ते ओट्याखाली दमटात पडले, की पिशव्या एकमेकींना चिकटतात, उघडताना फाटतात. या प्लास्टिकचे रेणू ओलाव्याने हळूहळू तुटतात, म्हणून हे होतं. दोन-तीन महिन्यांपुरतेच घ्या, उत्पादनाची तारीख बघा आणि कोरड्या कपाटात ठेवा.

आता छापील मजकुराकडे वळू. कंपोस्टेबल पिशवी आयएस/आयएसओ 17088 या मानकात बसली पाहिजे आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्र क्रमांक आणि उत्पादकाचं नाव सापडलं नाही, तर रोल परत ठेवा. ‘बायोडिग्रेडेबल’, ‘ऑक्सो’, ‘इको’, ‘पृथ्वीमित्र’ हे शब्द त्या क्रमांकाची जागा घेऊ शकत नाहीत. ऑक्सो पिशवी तर साधं पॉलिथिनच असते. त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ती उन्हात तुकडे-तुकडे होते आणि ते तुकडे मातीत राहतात.

नकली माल याच वर्गात का घुसतो, याचं कारण नियमात आहे. देशात 31 डिसेंबर 2022 पासून प्लास्टिक कॅरीबॅग किमान 120 मायक्रॉन जाडीची हवी. कंपोस्टेबल पिशवीला जाडीची अट नाही. त्यामुळे पातळ पॉलिथिनवर ‘कंपोस्टेबल’ छापलं, की ते वरवरच्या तपासणीतून निसटू शकतं. महाराष्ट्राच्या 23 मार्च 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेने कंपोस्टेबल पिशवीला सूट दिली ती रोपवाटिका, शेती आणि घनकचरा हाताळणीसारख्या कामांसाठी; भाजी बांधून देण्यासाठी नव्हे. बंदी मोडली तर दंड पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, आणि तिसऱ्यांदा 25,000 सोबत तीन महिन्यांपर्यंत कैद. तपासणी कोपऱ्यावरच्या हातगाडीपाशीच थांबते आणि पिशव्या बनवणारा कारखाना सुटतो, ही या धोरणातली सगळ्यात लागणारी उणीव आहे.

घरी एक साधी चाचणी करता येते. पिशवीचा नखाएवढा तुकडा कापा, ग्लासभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका आणि तुकडा बोटाने बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे काढा. पीबॅट-पीएलए पाण्यापेक्षा जड, म्हणून तुकडा तळाला बसतो. पॉलिथिन हलकं, ते वर येऊन तरंगतं. तरंगला तर पिशवी नक्की खोटी. बुडाला म्हणून खरीच असं मात्र नाही, कारण भरपूर खडूची पूड मिसळलेलं पॉलिथिनही बुडू शकतं.

समजा, पिशवी खरी निघाली. तरी मानकातली जैवविघटनाची चाचणी सुमारे 58 अंश सेल्सिअसला होते: 180 दिवसांत किमान 90 टक्के विघटन. शिवाय, कंपोस्टच्या ढिगात 84 दिवस ठेवल्यावर 2 मिमीच्या चाळणीवर मूळ वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. इतकी उष्णता मोठ्या, नियमित उलथवलेल्या ढिगातच टिकते. बाल्कनीतल्या टोपलीत कोकोपीट आणि ताक घालून कितीही मन लावून खत केलंत, तरी ती तेवढी तापत नाही. तिथे चार महिन्यांनी खत चाळताना पिशवीच्या हिरव्या चिंध्या हाताला येतात. कचराभूमीत दबली तर हवा नाही, समुद्रात गेली तर उष्णता नाही; दोन्हीकडे ती रेंगाळते.

घंटागाडीने नेलेला कचरा बायोगॅस प्रकल्पात जात असेल, तर तिथे बहुधा सगळ्याच पिशव्या आधी फाडून बाजूला काढतात. कामगाराने हातात घेऊन खरी-खोटी ओळखायची कशी? शिवाय पातळ फिल्म यंत्राच्या फिरत्या दांड्याला गुंडाळली जाते. सुक्या कचऱ्यात गेली तर आणखी नुकसान: पॉलिथिनच्या पुनर्वापरात पीबॅट-पीएलए मिसळलं, की नव्या फिल्मला गाठी आणि भोकं पडतात. कचरावेचकांनी निवडलेल्या मालाचा भाव उतरतो.

म्हणून सोसायटीत किंवा प्रभागात तापणारा ढीग असेल आणि तो चालवणारे पिशवीसकट कचरा घेत असतील, तर प्रमाणित रोल जरूर घ्या. अशा ठिकाणी डबे धुण्याचा त्रास वाचतो आणि लोक ओला कचरा खरंच वेगळा ठेवतात, हा मोठाच फायदा आहे. नाहीतर तळाशी रद्दी घातलेली झाकणाची बादली वापरा. ती थेट गाडीत रिकामी करा आणि भाजी धुतलेल्या पाण्याने विसळून उपडी ठेवा.