कॅनव्हासची छागल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पस्तिशीच्या आतल्यांना छागल म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून आधी तेवढं उरकतो. जाड कॅनव्हासची, वरच्या कोपऱ्यात बूच असलेली पाण्याची पिशवी. पूर्वी धुळ्याहून इंदूरकडे जाणाऱ्या ट्रकच्या तोंडाशी एक तरी लटकलेली दिसायचीच. बाटलीबंद पाणी आलं आणि ती गेली. माझी पाच लिटरची आहे. गेल्या सप्टेंबरात हायवेवरच्या ट्रकच्या सामानाच्या एका दुकानातून ३४० रुपयांना घेतली. दुकानदाराने माळ्यावरून काढून धूळ झटकली आणि किंमत काय लावायची ते आत जाऊन वडिलांना विचारून आला.

घेण्याचं कारण सायकल. आमच्या मेहुण्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. तिथे बसून बसून कळलं की उपचारापेक्षा खेड्यातून येण्याजाण्याचं भाडंच कित्येकांना जड जातं. त्या भाड्यासाठी पैसे उभे करायचे म्हणून आम्ही चौघांनी चोपड्याहून जैसलमेरपर्यंत सायकलने जायचं ठरवलं. ओळखीपाळखीच्यांनी किलोमीटरमागे रुपया, दोन रुपये कबूल केले. केळीच्या एका व्यापाऱ्याने पाच रुपये लावले, पण अट घातली की मध्ये टेम्पोत बसलात तर एक पैसा मिळणार नाही. सुट्ट्या जुळल्या त्या नेमक्या एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये खानदेशातला माणूस ऊन शोधायला थरच्या वाळवंटात जातो म्हटल्यावर लोक हसायचे, आणि त्यांचं चूक नव्हतं.

पहिल्या दिवशी छागल भरली आणि अर्ध्या तासात ओटा ओला. शेजारच्या आजी बघून म्हणाल्या, "थैली गयकी शे तुनी, वापस दी ये." मीही परत द्यायलाच निघालो होतो. दुकानदाराच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, दोन दिवस बादलीत बुडवून ठेव. ठेवली. सुती धागा पाणी पिऊन फुगतो आणि विणीतली भोकं बारीक होतात. मग धार थांबते, नुसता ओलावा बाहेर येत राहतो. हा ओलावा म्हणजेच सगळं यंत्र. माठाचं जे आहे तेच. बाहेर आलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. पहिली पाचसहा भरणं फेकून द्यावी लागली, कारण पाण्याला ताडपत्रीचा वास आणि रंग पिवळसर. तो वास आजही पूर्ण गेलेला नाही. ज्याचं नाक तिखट आहे त्याने हे आधी लक्षात घ्यावं.

सप्टेंबरात तिने काहीच केलं नाही. हवेत पावसाचा दमटपणा, पाणी जेमतेम दोन अंशांनी उतरायचं. मी वैतागून ती गोठ्याच्या खुंटीला ओली टांगली आणि विसरलो. दसऱ्याला काढली तर बुडाशी काळी बुरशी. गरम पाणी, लिंबू, ब्रश आणि चार दिवसांचं ऊन, एवढं करून बुरशी गेली, डाग राहिले. चूक माझीच. वापर नसेल तेव्हा छागल उलटी करून, बूच काढून, खडखडीत वाळवून ठेवायची असते.

तिची खरी ओळख मार्चमध्ये पटली. एका दुपारी गच्चीवर पत्र्याच्या सावलीत, वाऱ्याला टांगली आणि स्वयंपाकघरातला काट्याचा थर्मामीटर घेऊन बसलो. हवा ३९ अंश, टाकीचं पाणी ३१. दोन तासांनी आतलं पाणी २३, आणि वजन पाव किलोने कमी. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण ५८० कॅलरी घेऊन जातं. त्या हिशेबाने पाच लिटर पाणी आठ अंश उतरवायला ७० ग्रॅम पुरायला हवं. बाकीचं बाहेरून आत शिरणाऱ्या उष्णतेशी भांडण्यात खर्ची पडतं. म्हणून उन्हात टांगू नये, आणि बंद खोलीत तर नाहीच नाही. सावली आणि वारा दोन्ही लागतात.

आता सायकलवर ती लावायची कुठे, हा प्रश्न. हँडलला टांगली तर पाच किलोचा लोलक तयार होतो. सरावाला बिजासन घाट चढून परत उतरताना हँडल असं डुलायला लागलं की मी ब्रेक दाबत, पाय घासत खाली आलो. आडव्या दांड्याखाली बांधली तर गुडघे लागतात. मागच्या कॅरियरला लावली तर चाकाची सगळी धूळ तिच्या ओल्या अंगावर बसते आणि संध्याकाळपर्यंत तिची सारवलेली भिंत होते. शेवटी गावातल्या वेल्डरकडून पुढच्या चाकाला कॅरियर करून घेतलं. डाव्या बाजूला खालपर्यंत छागल, उजव्या बाजूला तेवढ्याच वजनाचं पंक्चरचं सामान आणि तांदूळ. वर जुन्या धोतराचा पांढरा तुकडा, उन्हासाठी. वेल्डरचे ४५० रुपये झाले, म्हणजे मालकिणीपेक्षा तिचा पलंग महाग. पण त्यानंतर तक्रार नाही.

चोपडा, शिरपूर, सेंधवा, धामनोद, धार, रतलाम, मंदसौर, चित्तोडगड असं करत आम्ही राजसमंदपर्यंत पोचलो. त्यातलं सांगण्यासारखं फारसं नाही. माळव्यात पहाटे गार असतं, पाणी जिथे थांबाल तिथे मिळतं, छागल मिरवण्यापुरती होती. देसूरीच्या नाळेत अरवली उतरलो आणि हवा बदलली. ओठ तासाभरात फुटतात. घाम येतो पण दिसत नाही, उडून जातो, फक्त शर्टावर मिठाच्या रेघा राहतात. आपल्याला वाटतं की आज घामच नाही. अंगाचीच छागल झालेली असते, आणि ती भरायची विसरली की माणूस आडवा होतो. आमच्यातले नाना, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, पालीच्या अलीकडे असेच चक्कर येऊन खाली बसले. ते पाणी भरपूर पीत होते, पण नुसतंच पाणी. मीठ घामातून चाललेलं आणि भरून काढलेलं नाही. तेव्हापासून रोज प्रत्येकी दोन पाकिटं ओआरएस, एका पाकिटाला बरोबर एक लिटर, कमी नाही आणि जास्त नाही. ते मात्र वेगळ्या बाटलीत. छागलीत साखरमीठ घालायचं नाही. मी एकदा लिंबूसरबत घालून पाहिलं आणि रात्रभर मुंग्यांचं संमेलन भरलं.

जोधपूरच्या पुढे तिने पैसे वसूल केले. पहाटे साडेचारला निघायचं, साडेदहाला थांबायचं, पुन्हा साडेचारनंतर दोन तास. दुपार एखाद्या ढाब्याच्या खाटेवर नाहीतर खेजडीखाली. खेजडी म्हणजे आपली दसऱ्याला पुजायची शमीच. तिथे मात्र तिच्या शेंगांची भाजी होते, पाला शेळ्या-उंटांना जातो आणि सावली आमच्यासारख्यांना. देचूहून पोकरणकडे जाताना सकाळी दहालाच ३८ झालं होतं, आणि दुपारी आम्ही पडलो होतो तिथे सावलीत ४२. नानांच्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी ४०, त्यात पत्ती टाकायची तेवढी बाकी होती. छागलीतलं २५. फ्रिजसारखं गारठवत नाही, घशाला लागत नाही, पिववतं. कोमट पाणी माणूस दोन घोटांत ठेवून देतो, हे तांब्याने पितो. दिवसाला आठनऊ लिटर पोटात जायचं असेल तेव्हा या फरकावरच सगळं असतं.

त्या टापूत एप्रिलमध्ये वारा पश्चिमेकडून येतो आणि आम्हीही पश्चिमेलाच चाललेलो, म्हणजे दिवसभर छातीवर वारा. जो वारा पाय मोडत होता तोच पाणी गार करत होता. नाना म्हणाले, "पाठीवर वारा असता तर गरम पाणी पीत लवकर पोचलो असतो." त्यांना यातलं काय पसंत होतं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रस्त्याच्या कडेच्या एका चहावाल्या बाबांनी मात्र छागल पाहून आम्हाला उठून जागा दिली. त्यांच्याकडे उंटाला बांधायला असायची म्हणे. त्यांनीच दाखवलं की हिच्या अंगावर पांढरा थर चढला आहे. तोवर मला तो वाळलेला चिखलच वाटत होता. पश्चिम राजस्थानात जमिनीतलं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं आहे. पाणी उडून जातं, क्षार कॅनव्हासवर राहतात आणि भोकं बुजत जातात. दोन दिवस पाणी तितकंसं गार का होत नाही याचं उत्तर तिथे मिळालं. उपाय सोपा: रात्री गोड्या पाण्यात बुडवायची, सकाळी ब्रशने घासायची, तरी थर उरला तर लिंबाच्या पाण्यात तासभर. पण जिथे पाण्याचीच मारामार तिथे पिशवी भिजवायला बादलीभर गोडं पाणी मागायची लाज वाटते. आम्ही पोकरणला धर्मशाळेतच ते केलं.

तक्रारींचं म्हणाल तर त्या आहेत. आठव्या दिवशी बुडाची शिवण सहा बोटं उसवली. आतून बघितलं तर एकेरी टीप आणि दोरा साधा. पालीतल्या मोच्याने मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवून दिली, चाळीस रुपये घेतले, आणि आजतागायत तिथून थेंब नाही. नवी घेतली की न वापरताच मोच्याकडे न्यावी. पट्ट्याचं बक्कल महिन्यात गंजलं, मी कापून टाकलं आणि दोरी लावली. बुचाला साखळी नाही, त्यामुळे एकदा ते वाळूत शोधत बसलो. शिवाय दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी ती स्वतःच खाते. पुढचं पाणी चाळीस किलोमीटरवर असेल तर हा हिशेब आधी धरायचा. आम्ही प्रत्येकाकडे एकेक लिटरची बंद बाटली राखीव ठेवली होती, तिला हात लावायचा नाही असं ठरवून.

सोबतच्या धाकट्याकडे बाराशे रुपयांची थर्मासची स्टीलची बाटली होती. बर्फ घातला तर संध्याकाळपर्यंत गार, यात वाद नाही. पण ती फक्त राखते, गार करत नाही. सकाळी कोमट भरलं की दिवसभर इमानदारीने कोमट. बर्फ देणारा ढाबा असेल तर तिला तोड नाही, नसेल तर छागल. कोकणात, मुंबईत किंवा पावसाळ्यात कुठेही ही घेऊ नका, पैसे फुकट जातील. खानदेशात फेब्रुवारीच्या शेवटापासून मृगापर्यंत शेतात न्यायला उत्तम. सध्या ती आमच्या विहिरीजवळच्या निंबाला असते आणि मजूर फ्रिजच्या बाटलीआधी तिच्याकडे जातात.

जैसलमेरला तेराव्या दिवशी पोचलो. टेम्पोत कोणी बसलं नाही, व्यापाऱ्याने पैसे मोजून दिले. परत आल्यावर मेहुण्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पैशांचं काही विचारलं नाही, छागल बघायला मागितली. त्यांना दिवसाला एक लिटरच्या आत पाणी, त्यातच चहा आणि वरणही धरायचं. एप्रिल-मे ते बर्फाचा खडा चघळून काढतात. दिवसाला किती प्यायचात, म्हणाले. मी जरा कमी करून सात सांगितलं. ताईने तिचा मापाचा कप आणला, छागलीतून अर्धा भरला आणि वहीत लिहून ठेवला. त्यांनी एक घोट घेतला. "ताडपत्रीचा वास येतो," म्हणाले, आणि दुसरा घोट तोंडात धरून बराच वेळ तसेच बसले.