पैसे जमा झाले होते, आम्हालाच पत्ता नव्हता

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा मी गावीच होतो, लॉकडाऊनमुळे मुंबईचं काम बंद होतं. दोन-तीन तासांत पुढची पडवी गेली, माजघरावरची कौलं उडाली आणि मागच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. पुढे आठवड्याभरात पाऊस लागला. माजघरात ताडपत्री, खाली पातेली, असा आमचा जून गेला.

पंचनामा झाला. तलाठी आणि ग्रामसेवक येऊन फोटो काढून गेले. घर आईच्या नावावर, म्हणून पासबुकही तिचंच मागितलं. झेरॉक्स काढायला गावात वीज कुठे होती? खातेनंबर वहीत हाताने उतरवून घेतला. सरकारने तेवढ्यात मदत वाढवली होती : पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० ऐवजी दीड लाख, आणि अंशतः पडझडीला ६,००० ऐवजी १५,०००. आम्ही ‘अंशतः’मध्ये. निम्मं छप्पर उघडं असताना त्याला अंशतः म्हणतात हे तेव्हाच कळलं. पण भांडत बसायची वेळ नव्हती. पंधरा तर पंधरा, पत्र्यांचे तरी होतील.

मग सुरू झालं वाट बघणं. तहसीलला गेलो की उत्तर ठरलेलं, ‘यादी वर गेलीय.’ पुढच्या खेपेला, ‘तुमचं नाव दुसऱ्या टप्प्यात असेल, बँकेत विचारा.’ बँक तालुक्याला, एसटी बंद, बाहेर अंतर ठेवून लांबलचक रांग, आणि आत शिरलात तर पासबुक छापायचं मशीन बंद. शेजारच्या आळीत कुणाचे आले, कुणाचे नाही, याचं कारण कुणीच सांगेना.

अशात तो आला. परका नव्हता. लॉकडाऊनमध्ये महिलांच्या जनधन खात्यात महिना ५०० रुपये यायचे, ते हाच पोरगा अंगठ्याचं मशीन, म्हणजे आधार आणि अंगठ्यावर खात्यातले पैसे काढून देणारं मशीन, घेऊन घरपोच द्यायचा. आईला ‘मावशी’ म्हणायचा, मास्क नाकावर ओढून ओट्यावर बसायचा. म्हणाला, ‘मावशी, तुमचे वादळाचे पैसे आधारची केवायसी नाही म्हणून अडकलेत. मी करून देतो, दोनशे रुपये होतील.’

मी तिथेच उभा होतो. हे लिहायची लाज वाटते, पण उभा होतो.

आईचा अंगठा सुपाऱ्या सोलून सोलून झिजलेला, रेशनच्या मशीनवरही चटकन उमटत नाही. तिने लुगड्याच्या पदराला बोट पुसून मशीनवर ठेवलं. तो म्हणाला, ‘नाही आला, परत ठेवा.’ परत ठेवला. ‘जरा दाबून.’ परत. मोबाईलचा पडदा पूर्ण वेळ त्याच्याकडे. चौथ्यांदा हसून म्हणाला, ‘झालं.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, ‘काल नेट गेलं, अर्धी केवायसी राहिली.’ पुन्हा दोनदा अंगठा. वर आम्ही त्याला चहा दिला.

गणपती झाल्यावर बँकेत जायला जमलं. पासबुक छापून हातात आलं. जुलैत १५,००० जमा. दोन दिवसांनी आधारवरून १०,००० काढले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ४,५००. तो आमच्याकडे आला होता त्याच तारखा. अंगठ्याने एका वेळी दहा हजारांच्या वर निघत नाहीत, म्हणून तर तो दोनदा आला. पहिला अंगठा शिल्लक बघायला लावला असणार. म्हणजे केवायसी अडकली म्हणून सांगत होता तेव्हा पैसे खात्यात होते, आणि ते त्याला आमच्या आधी कळले होते.

मेसेज का आला नाही? खात्याला वडिलांचा नंबर जोडलेला. ते गेल्यावर त्या सिमला कुणी रिचार्ज मारला नाही. ही चूक आमची, मान्य.

बँकेत साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘अंगठा खातेदाराचाच ना?’ रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तिसऱ्याच कोणी केलेला व्यवहार बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला सांगितला तर ग्राहकावर भुर्दंड येत नाही. आमचे दोन महिने उलटलेले, आणि अंगठा तर आईनेच दिलेला. पोलिसांनी अर्ज घेतला, त्याला बोलावलंही. तो म्हणाला, ‘रोख मावशीच्या हातात दिली.’ पावती ना त्याच्याकडे, ना आमच्याकडे.

तो काही मोठा हुशार होता असं मला वाटत नाही. वाट बघून कंटाळलेली माणसं त्याला आयती मिळाली. कुणाचे किती पैसे कोणत्या तारखेला जमा झाले, एवढा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला असता तर ‘अडकलेत’ म्हणायची त्याची छाती झाली नसती. अजूनही पूर आला, वादळ आलं की पंचनामा करायला माणूस येतो. पैसे जमा झाले हे सांगायला कुणी येत नाही.

तुमच्याकडे मदतीचे पैसे यायचे असतील तर आधी खात्याचा मोबाईल नंबर चालू आहे का बघा. मशीनवाला आलाच, तर अंगठा ठेवण्याआधी पडदा आपल्याकडे वळवायला लावा. त्यावर ‘शिल्लक’ आहे की ‘पैसे काढणे’, ते वाचा. ‘उमटला नाही’ म्हणाला तर दुसऱ्यांदा ठेवण्याआधी पहिल्याची पावती मागा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, आधारच्या अधिकृत ॲपवरून, पाच मिनिटांचं काम आहे. लागेल तेव्हा उघडायचं. पैसे गेलेच तर त्याच दिवशी बँकेत लेखी द्या आणि १९३० वर फोन करा. तेव्हा आम्हाला असला कुठला नंबर माहीत नव्हता.

नोव्हेंबरात मी तहसीलला शेवटचा गेलो. कारकुनाने यादी उघडून बोट ठेवून दाखवली. आईच्या नावापुढे ‘रक्कम जमा’ होतं, तारखेसकट. म्हणाला, ‘तुमचं तर कधीच झालंय की.’