टेक्सासची दोन दिवसांची ‘स्वातंत्र्य टूर’: बस मस्त, गोष्ट मात्र अर्धीच

आधी स्टार सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. त्यातले दोन तर निव्वळ दुसऱ्या दिवशीच्या गाईडबाईंचे. कंपनीचं नाव लिहीत नाही, या रूटवर अशा टूर करणारे बरेच असणार आणि मला भांडायचं नाहीये, पण बुक करायच्या आधी काय विचारायचं ते तरी कळेल.

मी दादाकडे सॅन अँटोनियोला गेले होते, वहिनीने आधीच बुकिंग करून ठेवलेलं. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता, आणि १८३५-३६ मध्ये तिथल्या अमेरिकन वसाहतवाल्यांनी मेक्सिकोविरुद्ध बंड केलं, टूर त्याच लढ्याच्या जागांची. पहिला दिवस अलामो आणि गोन्झालेस, मुक्काम ह्यूस्टनला, दुसऱ्या दिवशी सकाळी वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोस आणि दुपारी सॅन जसिंटो. सोबत भाचा, तो सातवीत, आणि तिकडे सातवीत टेक्सासचा इतिहास असतोच त्यामुळे हा पठ्ठ्या गाईडच्या आधी तारखा सांगत होता.

बस झकास. एसी चालू, सीट आरामशीर, वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर. पहिल्या दिवसाचा गाईड तरुण मुलगा, आवाज छान, पण पाठ केलेलं म्हणून दाखवत होता. म्हणजे कसं, शूर वसाहतवाले आले, मेक्सिकोचा क्रूर सत्ताधीश सेनापती सांता अ‍ॅना आला, मग स्वातंत्र्य आलं, चला आता फोटो काढा.

अलामो बघून सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं, आमच्या वहिनीनेही तेच म्हटलं, “एवढंच?” ऐन शहरात, आजूबाजूला हॉटेलं, आणि मध्ये हे छोटंसं दगडी चर्च. मुळात हे १७१८ मध्ये सुरू झालेलं स्पॅनिश मिशन म्हणजे धर्मप्रसाराचं ठाणं, लढाईच्या वेळी चांगलं तीन एकरांचं आवार होतं, त्यातलं बरंचसं आता रस्ते आणि चौकाखाली गेलंय. म्हणजे तुम्ही जिथे उभं राहून सेल्फी काढता तिथे बहुतेक लढाई झालेली असते! आणि चर्चचा तो प्रसिद्ध कमानदार माथा, टीशर्टवर कपांवर सगळीकडे जो छापलेला असतो, तो लढाईच्या वेळी नव्हताच, १८५० मध्ये अमेरिकन लष्कराने बांधला. हे मला भाच्याने सांगितलं, गाईडने नाही.

गोष्ट थोडक्यात अशी की २३ फेब्रुवारी १८३६ ला सांता अ‍ॅनाची फौज आली, आतमध्ये दोनशेच्या आसपास माणसं, तेरा दिवस वेढा, आणि ६ मार्चला पहाटे हल्ला होऊन सगळं संपलं. ट्रॅव्हिस, बोवी, क्रॉकेट हे आतले नामांकित लोक, सगळे गेले. ऐकताना मला साहजिकच घोडखिंड आठवली, पण मग वाटलं नाही, तसं नाही हे. बाजीप्रभूंनी खिंड अडवली कारण महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ हवा होता. इथे टेक्सासचा सेनापती सॅम ह्यूस्टन, त्याला अलामो धरून ठेवायचंच नव्हतं, त्याचं म्हणणं तोफा काढून घ्या आणि तटबंदी उडवून द्या, पण बोवी आणि तिथला कमांडर नील यांनी ठरवलं की सोडायचं नाही. शौर्य होतं, वादच नाही, पण त्यामागे हट्टही होता.

इथे आम्हाला वेळ किती, तर सव्वा तास, त्यातली पंचवीस मिनिटं गिफ्ट शॉपमध्ये घालवली कारण गाईडनेच सगळ्यांना तिकडे वळवलं. भाच्याने क्रॉकेटची शेपटीवाली टोपी घेतली आणि पूर्ण टूरभर घालून बसला, त्या उकाड्यात. चर्चमध्ये जायला तिकीट फुकट असतं पण वेळ आधी बुक करावी लागते, त्यामुळे मी म्हणेन अलामो टूरमध्ये करूच नका, आपलं आपण जा, निवांत अर्धा दिवस द्या.

गोन्झालेस हे टूरमधलं सरप्राईज. छोटंसं गाव, छोटंसं म्युझियम, आणि त्यात एक इवलीशी तोफ. म्युझियमच्या म्हणण्याप्रमाणे ही तोफ मेक्सिकोच्या सरकारनेच १८३१ मध्ये गावकऱ्यांना दिलेली, कोमांची या मूळ रहिवासी लोकांच्या हल्ल्यांपासून बचाव म्हणून, पुढे १८३५ मध्ये वातावरण तापल्यावर सरकार म्हणालं परत द्या, तर यांनी झेंड्यावर तोफेचं चित्र काढून खाली लिहिलं, या आणि घेऊन जा. २ ऑक्टोबर १८३५, पहिली चकमक ती हीच. आणि याच गावातून ३२ माणसं १ मार्चला वेढा पडलेल्या अलामोत स्वतःहून आत शिरली, बाहेर पडायचा रस्ता नाही हे दिसत असताना. ते ऐकून बसमध्ये जरा वेळ कोणी बोललं नाही.

पण मला दिवसभर एकच प्रश्न सतावत होता की ही माणसं मुळात तिथे आली कशाला? गाईडला विचारलं तर म्हणाला स्वातंत्र्यासाठी. अरे बाबा, अमेरिका तर आधीच स्वतंत्र होती, तिकडून उठून मेक्सिकोत येऊन राहिले ते स्वातंत्र्यासाठी? रात्री हॉटेलात दादा म्हणाला, “जाऊ दे गं, फिरायला आलोय आपण.”

दुसऱ्या दिवशी गाईड बदलली. साठीच्या पुढच्या बाई, हातात वही नाही की माईकवर ठरलेलं भाषण नाही, आणि बस सुरू होताच पहिलं वाक्य, आज आपण जमिनीबद्दल बोलणार. मी सरसावून बसले!

तर बाईंनी सांगितलं ते असं. १८१९ च्या मंदीत अमेरिकेत लोक कर्जात बुडाले होते, सरकारी जमीन घ्यायची तर एकरी सव्वा डॉलर आणि तेही रोख, कमीत कमी ८० एकर. आणि इकडे मेक्सिको म्हणत होता या, नागरिक व्हा, कॅथलिक व्हा, गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला ४,४२८ एकर आणि शेतीसाठी वर १७७ एकर. किंमत म्हणाल तर अगदी नाममात्र. मग काय, लोक घराच्या दारावर ‘टेक्सासला गेलो’ लिहून निघाले. मेक्सिकोचाही हिशोब होताच, उत्तरेकडचा हा भाग विरळ वस्तीचा, कोमांचींसमोर मध्ये कोणीतरी हवं. (जमीन रिकामी होती असं मात्र कोणी समजू नका, कोमांची, करान्कावा तिथलेच.) वसाहत वसवणाऱ्या स्टीफन ऑस्टिनने पहिली तीनशे कुटुंबं आणली. आणि त्याच्या सुरुवातीच्या योजनेत प्रत्येक गुलामामागे ८० एकर जादा मिळणार होती. १८२५ च्या मोजणीत त्याच्या वसाहतीत साधारण १,८०० माणसं, त्यातली ४४३ गुलाम. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामी बंद केली तर टेक्साससाठी सवलत मागून घेतली. त्याही आधीपासून गुलामांकडून ९९ वर्षांचे करार करून घ्यायची युक्ती होतीच, म्हणजे कागदावर नोकर.

मग १८३० मध्ये मेक्सिकोने कायदा करून अमेरिकेतून येणारे लोक थांबवले. तरी लोक येत राहिले, ट्रॅव्हिस स्वतः १८३१ मध्ये आला, अलाबामात कर्ज मागे टाकून. बाई मिश्कील हसून म्हणाल्या, कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडून आलेला तो. बसमधले काहीजण हसले, काहीजण खिडकीबाहेर बघायला लागले.

सांता अ‍ॅना काही साधा नव्हता हेही त्यांनी तितक्याच स्पष्ट सांगितलं. १८२४ ची संघराज्याची घटना त्याने गुंडाळली, सगळी सत्ता मध्यभागी ओढली, आणि त्याविरुद्ध मेक्सिकोतल्या दुसऱ्या प्रांतांतही उठाव झाले. म्हणजे तक्रार खरी होती. पण लढाई चालू असतानाच या लोकांनी जी घटना लिहिली तिच्यात काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, गुलाम मुक्त करता येणार नाही असं लिहून ठेवलं, आणि काँग्रेसच्या परवानगीशिवाय मुक्त काळ्या माणसाला तिथे राहायची बंदी. वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसला ज्या लाकडी हॉलमध्ये २ मार्च १८३६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला तो आता प्रतिकृती आहे, मूळ हॉलला तेव्हा खिडक्यांना काचाही नव्हत्या, कापड लावलेलं, आणि तिथे उभं राहून हे ऐकताना दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात बसतात.

दुपारी सॅन जसिंटो. स्मारक ५६७ फुटांचं, राजधानी वॉशिंग्टन डीसीतल्या वॉशिंग्टन स्मारकापेक्षा उंच, माथ्यावर भला थोरला तारा, लिफ्टने वर जाता येतं आणि वरून काय दिसतं तर चहूकडे तेलाच्या रिफायनऱ्या आणि जहाजांचा कालवा. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. लढाई २१ एप्रिलला दुपारी, मेक्सिकन छावणी विश्रांती घेत होती, १८ मिनिटांत निकाल. टेक्सासचे नऊ गेले, समोरचे सहाशेच्या वर. त्यातले बरेचसे पळताना, शरण येताना मारले गेले, ‘अलामो आठवा, गोलियाड आठवा’ ओरडत. गोलियाड गावात २७ मार्चला टेक्सासच्या फौजेतल्या फॅनिनच्या शरण आलेल्या साडेतीनशेच्या आसपास माणसांना सांता अ‍ॅनाच्या हुकमाने गोळ्या घातलेल्या, त्याचा हा सूड. गोलियाड या टूरमध्ये नाहीच, आणि ही मोठी खोट आहे.

इथेच बाईंनी हुआन सेगीनबद्दल सांगितलं. तिथलाच माणूस, स्पॅनिश बोलणारा तेहानो, टेक्सासच्या बाजूने लढलेला. लढाईच्या दिवशी ह्यूस्टन त्याच्या तुकडीला मागे सामान राखायला ठेवत होता, हा म्हणाला आम्हीही लढणार. मग आपल्याच लोकांनी चुकून मारू नये म्हणून त्याच्या माणसांनी टोपीत पुठ्ठ्याचे तुकडे खोचले. आणि सहा वर्षांनी, १८४२ मध्ये, त्यालाच गद्दार ठरवून मेक्सिकोत पळून जायची वेळ आणली. भाच्याने शेपटीवाली टोपी काढून मांडीवर ठेवली, का ते विचारलं नाही मी.

जेवण सोडून द्या, दोन्ही दिवस गार सँडविच. शाकाहारी सांगूनही एकदा टर्की आलं.

सगळ्यात मोठी तक्रार, टूर ह्यूस्टनलाच संपते! साईटवर कुठेतरी बारीक अक्षरात असेल, आम्हाला दिसलं नाही, मग दादाने भाड्याची गाडी घेऊन सॅन अँटोनियोपर्यंत तीन तास चालवली. आय-टेन हायवेवर गोन्झालेसचा फाटा मागे पडल्यावर पाटी दिसली, सेगीन. आदल्या दिवशी याच रस्त्याने बस याच पाटीजवळून गेली होती आणि माईकवर अवाक्षर नाही. वहिनी म्हणाली, “वळव गाडी.” १८३९ मध्ये गावाला त्याचं नाव दिलेलं, तो मेला १८९० मध्ये सीमेपलीकडे, आणि अस्थी इथे आणल्या १९७४ मध्ये. समाधीपाशी पोचलो तेव्हा अंधार पडत होता, आमच्याशिवाय कोणी नव्हतं. भाचा म्हणाला, “आत्या, इथे गिफ्ट शॉप नाही म्हणून बस थांबत नसेल.”