मरीमाताच्या खांच्यातलं मोबाईल रिपेअरचं दुकान: पाणी सांडलेल्या फोनचा माझा अनुभव

चार स्टार देतेय, पाचवा का नाही ते खाली लिहिलंय. फोन चालू झालाय, त्याच्यावरूनच टाइप करतेय.

झालं असं की सकाळी ओट्यावर फोन ठेवून आईशी स्पीकरवर बोलत होते, शेजारी भरलेला तांब्या, कोपर लागलं आणि तांब्या आडवा. आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घरातला ओटा मध्ये खोलगट आहे, पाणी नेमकं तिथेच साचतं आणि फोनही नेमका तिथेच होता. आईचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला, मग बंदच. आणि मग मी जे करू नये ते सगळं ओळीने केलं. जोरजोरात झटकला, पॉवरचं बटण दाबून बघितलं, लोगो आला आणि गेला, परत दाबलं, आणि वर चार्जरला पण लावला म्हणजे कमालच. सासूबाई म्हणाल्या तांदळात ठेव, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी तो कोलमच्या डब्यात खुपसून वरून झाकण घट्ट लावलं. रात्रभर तिथेच.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका दुकानात गेले, नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलाने फोन उघडलासुद्धा नाही, नुसता हातात फिरवला आणि "मदरबोर्ड गयो, साडे सात हजार". सोळा हजारांचा फोन! धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तिथे काही देऊ नका, सरळ मरीमाताला जा." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रावपुऱ्यातला मरीमातानो खांचो म्हणजे आपल्या बडोद्याचा मोबाईल बाजार, कव्हरपासून मदरबोर्डपर्यंत सगळं. स्कूटर लावायला जागा मिळणार नाही हे धरूनच जा.

दुकान म्हणजे दीड माणूस मावेल एवढा गाळा. काकांनी फोन हातात घ्यायच्या आधी एकच विचारलं, "बेन, चालू तो नथी कर्यो ने?" मी गप्प. मग दुसरं, "चोखामां मूक्यो'तो?", म्हणजे तांदळात ठेवला होता का. आता माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असेल. त्यांनी चार्जिंगच्या भोकात बारीक चिमटा घातला आणि आतून तांदळाची एक अख्खी कणी काढून माझ्या तळहातावर ठेवली, फुगलेली, पांढरीशुभ्र. दुकानातली दोन पोरं हसली, मी पण हसले, दुसरं काय करणार.

पण खरं सांगू, मला इथे आवडलं ते हे की त्यांनी समोर बसवून दाखवलं. मागचं कव्हर गरम करून उघडलं, सगळ्यात आधी बॅटरीची पट्टी सोडवली, मग बोर्ड मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. चार्जिंगच्या जोडणीभोवती हिरवट बुरशीसारखं काहीतरी, जुन्या तांब्याच्या भांड्याला चढतं ना, तस्संच. म्हणाले पाण्याने फोन मरत नाही, पाणी आत असताना करंट चालू ठेवला की मरतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून करंट गेला की धातू खायला लागतो, आणि मी तर चार्जर लावून त्याला जेवायलाच वाढलं होतं. तांदळाबद्दल म्हणाले की बंद फोनच्या आतलं पाणी तो काय ओढणार, उलट पीठ आणि कण्या आत जातात. घरी येऊन वाचलं तर ॲपलनेही 2024 मध्ये हेच सांगितलंय की तांदळात ठेवू नका, भोक खाली करून हलकेच हातावर आपटा आणि हवेशीर जागी ठेवा, पूर्ण सुकायला 24 तासही लागू शकतात. हेअर ड्रायर पण नको.

तर पाणी सांडलं की बंद करा, सिम काढा, आणि कितीही हात शिवशिवला तरी बटण दाबू नका. माझं सिम मी जुन्या डबड्या फोनमध्ये घातलं, नाहीतर बँकेचे ओटीपी आले नसते.

पुढचं काम असं: आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ब्रशने बोर्ड घासला, मग एका छोट्या मशीनमध्ये बुडवून ठेवला, सोनार दागिने धुवायला वापरतात तसंच मशीन आहे ते, अल्ट्रासोनिक. सुकल्यावर बॅटरी न लावता बाहेरून सप्लाय दिला आणि बोर्ड किती करंट ओढतो तो आकडा बघितला. बटण न दाबताच आकडा वर चढला तर कुठेतरी शॉर्ट आहे. माझा शून्यावर राहिला, तेव्हा काका पहिल्यांदा हसले.

चार्जिंगचा छोटा बोर्ड बदलला 650, सफाई आणि मजुरी 1,200, एकूण 1,850, दोन दिवस लागले. पासवर्ड मागितला नाही, टेस्टिंगच्या वेळी मलाच टाकायला लावला, हे मला फार बरं वाटलं. आणि फोन चालू होताच म्हणाले, आधी आतले फोटो बाहेर काढून घ्या, पाण्याच्या फोनची गॅरंटी मी देत नाही, पंधरा दिवसांनीही आतून सडू शकतो. बसल्या बसल्या सगळे फोटो ड्राइव्हवर टाकले.

कंपनीच्या सेंटरला का नाही गेले असं दीरांनी विचारलं होतं. सिमच्या खाचेत एक पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की लाल होतो, माझा कुंकवासारखा लाल होता, आणि पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. माझ्या फोनला आयपी 54 लिहिलंय (पाणी-धूळ किती अडवतो त्याचा दर्जा), त्यावर मी निर्धास्त होते, पण 54 म्हणजे शिंतोडे, तांब्या नाही. 68 वाल्यांनीही फार खूश होऊ नका, ती परीक्षा स्वच्छ पाण्यात होते, आणि एकदा फोन उघडला की आतलं सील पहिल्यासारखं राहत नाही.

आता तक्रार. पक्कं बिल मागितलं तर कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. दुसऱ्या दिवशी चारला या म्हणाले आणि साडेसहापर्यंत बसवलं, पंखा फक्त त्यांच्याकडे तोंड करून. मागच्या कॅमेऱ्यात डाव्या कोपऱ्यात धुकं राहिलंय, ते सांगितलं असतं तर मी तेव्हाच विचारलं असतं, मला घरी आल्यावर दिसलं. परत घेऊन गेले तर म्हणाले कॅमेरा बदलावा लागेल, 1,400. सध्या नको म्हटलं.

बॅटरी हल्ली दुपारीच उतरतेय असं वाटतंय, महिनाभर बघते आणि इथेच एडिट करून लिहिते.