घोड्याची जाळीवाली झूल: सहा महिन्यांचा अनुभव (खाज, गाठी, जखमा सगळं आलं यात)

चिलटं चावू नयेत म्हणून घोड्याच्या अंगावर घालायची ही झूल, जून ते नोव्हेंबर सलग वापरून झाली म्हणून आता लिहितोय. ऑर्डर करताना जे रिव्ह्यू सापडले ते सगळे थंड देशातले, आपल्या नागपूरच्या जुलैच्या चिकचिकीत घोडं या झुलीत उकडून निघेल का हे कोणीच सांगत नव्हतं.

आमच्याकडे गोरेवाड्याकडच्या शेडात दोन जनावरं. राणी, पांढरी घोडी, लग्नाच्या वरातीला जाते, आणि चिंगी नावाचं छोटं तट्टू, मुलांच्या फेरीसाठी. मागच्या पावसाळ्यात राणीने शेडाच्या खांबाला मान घासून घासून आयाळीची पार वाट लावली, केस तुटून ब्रशसारखे ताठ उभे, खाली कातडं जाड, सुरकुतलेलं आणि मधे मधे रक्ताचे ठिपके. शेपटीच्या बुडाशीही तेच. बाबा म्हणाले, "पावसाळ्यात घोडं खाजवतेच बाप्पा, आमच्या टांग्याच्या टायमालेही खाजवे." त्यांच्याच सांगण्यावरून एकदा जळकं ऑइल लावलं, दुसऱ्या दिवशी कातडी सोलून निघाली. अजूनही ते आठवलं की जीव तुटतो, कृपा करून कोणी लावू नका. मग एकाने येऊन इंजेक्शन दिलं, चार दिवस खाज गायब, पाचव्या दिवशी परत सुरू. व्हेटर्नरी कॉलेजच्या डॉक्टर मॅडम नंतर म्हणाल्या की ते बहुतेक स्टेरॉइड असणार, आणि घोड्याला ते असं न विचारता देत राहिलं तर लॅमिनायटिस म्हणजे खुराच्या आत सूज येऊन जनावर कायमचं लंगडू शकतं.

सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात नेलं तेव्हा मॅडमनी आयाळीकडे आधी पाहिलंच नाही. पहिले नाकपुड्या बघितल्या, मग मागच्या पायाच्या आतल्या बाजूने बोट फिरवत खालून वर गेल्या. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणाल्या ग्लँडर्स. त्यात पायाच्या आतून एका ओळीत माळेसारख्या गाठी येतात, फुटतात आणि मधासारखा चिकट पिवळा पू गळतो, नाकातूनही घाण येते, आणि तो माणसालाही होतो. अशी गाठ दिसली तर हात न लावता जनावर वेगळं बांधायचं आणि सरकारी डॉक्टरला कळवायचं, रक्त तपासायला हरयाणात हिसारच्या घोड्यांच्या राष्ट्रीय केंद्रात जातं. पॉझिटिव्ह आलं तर इलाज करत नाहीत, कायद्याने जनावर मारावंच लागतं. राणीला तसं काही नव्हतं, पण ती दोन मिनिटं माझे हात थंड पडले होते.

राणीचं निघालं चिलटांच्या चावण्याची ॲलर्जी. चिलट एक ते तीन मिलिमीटरचं, डासापेक्षाही बारीक, ओल्या चिखलात आणि शेणालिदीत वाढतं, पहाटे आणि दिवेलागणीला चावतं. त्याच्या लाळेची ॲलर्जी, म्हणून शेजारी बांधलेल्या चिंगीला काहीच नाही आणि राणी वेडीपिशी.

आता झुलीचं. पहिली घेतली ती माशांची होती, जाळी मोठी, चिलटं आरामात आत. पैसे वाया. दुसरी बारीक विणीची, मानेला वेगळा भाग, पोटाखाली पट्टा आणि शेपटीवर झडप असलेली. घेताना पोटाखालचं कापड आहे का ते नक्की बघा, चिलटं तिथेही चावतात. गरमीचं म्हणाल तर पांढरी झूल सावलीत चालून जाते, दुपारी उन्हात मी काढूनच ठेवायचो, त्या वेळी चिलटंही कमी असतात. पहिल्या पंधरवड्यात खांद्याच्या उंचवट्यावर घासून केस गेले, तिथे आतून जुन्या साटिनच्या साडीचा तुकडा शिवला, मग त्रास नाही. वेल्क्रो ऑगस्टमध्येच मेलं, चिखलाने भरतं, मी बकल लावून घेतली. दर आठवड्याला धुवायची, नाहीतर घामानेच वेगळी खाज सुरू होते.

एक सांगतो, नुसत्या झुलीने एवढा फरक पडला नसता. चिलटं उडण्यात कच्ची असतात, जोराच्या वाऱ्यात टिकत नाहीत, म्हणून शेडात मोठा पंखा लावला आणि राणीला संध्याकाळी पाचच्या आधीच शेडात घ्यायला लागलो. खरं सांगू, झुलीच्या निम्म्या पैशात पंख्याने जास्त काम केलं. सोबत चिलटं दूर ठेवायला बेंझिल बेंझोएटचं लोशन, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे, पण फक्त न फुटलेल्या कातडीवर, उघड्या जखमेवर जाम झोंबतं. परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवाराही सुचवला होता, पण आमच्या शेडात मांजर पिल्लांसकट राहते आणि मांजराला ते विष आहे, म्हणून राहू दिलं.

चिंगीच्या बाबतीत झूल काहीच कामाची नाही. सप्टेंबरमध्ये तिच्या पुढच्या पायाला, खुराच्या वर, दोरीने खरचटलं होतं, ते भरायच्या ऐवजी लाल मांसासारखं वाढत गेलं, खाजायचं, आणि धुताना त्यातून तांदळाच्या कणीसारखे पिवळे कडक दाणे निघाले. मी फोटो काढून मॅडमना पाठवला. त्या म्हणाल्या, हे कृमीचं काम. कृमी घोड्याच्या पोटात, त्याची अळी लिदीत, लिदीतून माशीत आणि माशी ओल्या जखमेवर बसली की अळी तिथे उतरते, तिथे ती मोठी होऊ शकत नाही, नुसती जखम चिघळवत राहते. डोळ्याच्या कोपऱ्यातही होतं असं. वजन मोजून आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाची पेस्ट तोंडाने दिली (गुरांचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका, हे मॅडमनी दोनदा बजावलं), जखमेवर पट्टी आणि लीद रोज उचलून लांब खड्ड्यात. दिवाळीपर्यंत भरली.

आणि गोल टक्कल पडून कोंडा दिसला तर तो नायटा समजा, खोगीर आणि खराऱ्यावरून दुसऱ्या जनावराला जातो, फेरीला बसणाऱ्या पोरांनाही होतो, तेव्हा धंदा बंद ठेवा. रात्रीतून अंगभर गांधी उठल्या तर नवीन चारा कोणता दिला ते आठवा.

झुलीला पाचपैकी साडेतीन. राणीची आयाळ आता चार बोटं वाढली आहे, अजून वरातीसाठी गजरा माळता येत नाही, खोटी झालर लावावी लागते. यंदा चूक एवढीच झाली की खाज सुरू झाल्यावर झूल चढवली, पुढच्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यातच, पहिला पाऊस पडायच्या आधी घालणार आहे.