हिचिन की लेचवर्थ? लंडनच्या नोकरीसाठी घर कुठे घ्यावं

हिचिन आणि लेचवर्थ ही हर्टफर्डशरमधली शेजारगावं. लंडनहून केंब्रिजच्या गाडीत बसलं की हिचिननंतरचं पुढचंच स्टेशन लेचवर्थ. जिल्हा कौन्सिल एकच, मोठं इस्पितळही एकच, स्टीव्हनेजचं लिस्टर. त्यामुळे "दोन्ही सारखीच, जिथे स्वस्त मिळेल तिथे घ्या" असा सल्ला सर्रास ऐकू येतो. आम्ही हिचिनमध्ये तीन वर्षं भाड्याने राहिलो आणि मग लेचवर्थमध्ये घर घेतलं. त्या अनुभवावरून सांगते, हा सल्ला मनावर घेऊ नका.

आधी गाडीचं बोलू. हिचिन जंक्शन आहे. मेन लाइनवरची पीटरबरोची गाडी आणि फाट्यावरची केंब्रिजची गाडी, दोन्ही इथे थांबतात. लेचवर्थ केंब्रिजच्या फाट्यावर आहे, म्हणून तिथे एकाच मार्गाच्या गाड्या. जलद गाडी मिळाली तर हिचिनहून किंग्ज क्रॉस अर्ध्या तासाच्या आसपास, लेचवर्थहून त्यात चार-पाच मिनिटांची भर. २०१८ पासून थेम्सलिंक या रेल्वेसेवेच्या गाड्या सेंट पँक्रासच्या खालून थेट फॅरिंग्डन, ब्लॅकफ्रायर्सकडे जातात, त्यामुळे ऑफिस त्या बाजूला असेल तर ट्यूब टळते. चार-पाच मिनिटांचं काही वाटत नाही. खरा फरक बिघाडाच्या दिवशी कळतो. फाट्यावर झाड पडलं की लेचवर्थला जाणारे हिचिनला उतरून टॅक्सीच्या रांगेत उभे राहतात. हिचिनकर तोवर घरी पोचलेला असतो.

पण घरापासून स्टेशनपर्यंतचं अंतरही प्रवासातच धरा. हिचिन गाव जुनं, रेल्वे आली १८५० मध्ये आणि स्टेशन झालं गावाच्या पूर्वेला. बाजारपेठेतून तिथवर चालत पंधरा मिनिटं लागतात, आणि गावाच्या पश्चिमेला घर असेल तर अर्धा तास. लेचवर्थ आखतानाच स्टेशन मध्यावर धरलेलं. गाडीतून उतरलात की समोर दुकानं. गाडीत वाचलेली मिनिटं चालण्यात जातात का, हे प्रत्येक घरासाठी स्वतः चालून मोजा.

गाव म्हणून पाहिलं तर हिचिनची गोडी वेगळीच. मधोमध सेंट मेरी हे जुनं चर्च, त्याला लागून हिझ नदीचं संथ पाणी, बाजूला बाजार, वाकड्या गल्ल्या, लाकडी चौकटींची जुनी घरं. संध्याकाळी सातनंतरही रस्त्यावर माणसं दिसतात. इंग्लंडच्या लहान गावात ही चैनच. हिचिनमधली ती तीन वर्षं मला त्यासाठीच आठवतात.

लेचवर्थ हे जगातलं पहिलं उद्यान-नगर. एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेतून १९०३ मध्ये त्याची सुरुवात झाली, आराखडा बॅरी पार्कर आणि रेमंड अन्विन यांचा. एकरी साधारण बारा घरं, प्रत्येकाला बाग, रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, कारखाने एका बाजूला. दारूविक्रीला गावात कित्येक दशकं बंदी होती, आणि संध्याकाळच्या शांततेत तिची छाया अजून जाणवते. सहानंतर बाहेर पडून चार माणसांत बसायची सवय असेल तर इथे जड जाईल. लहान मुलं असतील तर मात्र हेच गाव सुखाचं. नॉर्टन कॉमनची झाडी गावाच्या मध्यापासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे.

या हिरवाईची किंमत मोजावी लागते, आणि ती घर घेण्याआधी समजून घ्यायला हवी. लेचवर्थच्या बहुतेक घरांना हेरिटेज फाउंडेशनची, म्हणजे गावाची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेची, व्यवस्थापन योजना लागू आहे. घर फ्रीहोल्ड असलं तरी खिडक्या बदलणं, खोली वाढवणं, पुढची बाग फोडून गाडीसाठी जागा करणं, कुंपणाची झुडपं काढणं, यासाठी फाउंडेशनची लेखी परवानगी लागते. कौन्सिलची परवानगी लागत असेल तर ती वेगळी. जुन्या भागात नियम कडक, नंतरच्या भागात थोडे सैल. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील तर तो प्रश्न तुमच्या गळ्यात पडतो. म्हणून सॉलिसिटरला (खरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाला) पहिल्याच पत्रात विचारायला लावा की बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक बदलाची परवानगी कागदावर आहे का. मला या नियमांचा जाच वाटत नाही, कारण शेजाऱ्याचीही बाग त्यांच्यामुळेच टिकली आहे. पण दोन वर्षांत मागे मोठी खोली काढायचीच असा तुमचा बेत असेल, तर घरापेक्षा नियम आधी वाचा.

हिचिनमध्ये अशी योजना नाही. तिथे जुन्या गाभ्यात संरक्षित क्षेत्र आणि लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून नोंदलेल्या, इमारती आहेत, बाकी ठिकाणी नेहमीचे कौन्सिलचे नियम. स्टेशनजवळ, नाइटिंगेल रोडच्या आसपास, व्हिक्टोरियन टेरेस घरं, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली, रांगेने आहेत. दिसायला देखणी, पण भिंती भरीव विटांच्या, मध्ये पोकळी नाही, त्यामुळे ओल आणि गॅसचं बिल दोन्ही पाहावं लागतं. गाडी उभी करायला स्वतःची जागा बहुधा नसते. सारख्याच आकाराच्या घराला हिचिनमध्ये साधारणपणे जास्त पैसे पडतात, आणि तो फरक मुख्यतः स्टेशनचा आणि बाजारपेठेचा. लेचवर्थमध्ये जॅकमन्स किंवा ग्रेंज या वस्त्यांत तेवढ्याच पैशात एक खोली जास्त मिळू शकते. घर कुठलंही असो, शंभर वर्षांच्या पुढचं असेल तर लेव्हल ३ चा, म्हणजे इमारतीची सगळ्यात तपशीलवार तपासणी करणारा, सर्व्हे करून घ्या. बँकेचं मूल्यांकन म्हणजे सर्व्हे नव्हे.

आता व्यवहार. आपल्याकडे विसार दिला की दोन्ही बाजू बांधल्या गेल्यासारख्या वागतात. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेलं नसतं. हिचिनमधल्या एका घरासाठी आमची ऑफर मान्य झाली, सर्व्हे झाला, सॉलिसिटरचं अर्धं काम उरकलं, आणि दहाव्या आठवड्यात मालकाने दुसऱ्याची मोठी ऑफर घेतली. आमचा खर्च बुडाला. हे कायद्याला धरूनच होतं. त्यानंतर आम्ही ज्यांच्या मागे खरेदी-विक्रीची लांब साखळी नाही, म्हणजे एकाचा व्यवहार दुसऱ्यावर अडलेला नाही, अशीच घरं पाहिली.

आणि ज्याबद्दल कोणी वेळेवर सांगत नाही, ती गोष्ट म्हणजे पुण्यातला फ्लॅट. स्टॅम्प ड्यूटीत पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सवलत आहे, पण 'पहिल्यांदा' म्हणजे जगात कुठेही. कोथरूडच्या फ्लॅटवर वडिलांबरोबर तुमचं नाव असेल किंवा गावच्या घरातला वाटा वारशाने आला असेल, तरी सवलत जाऊ शकते. त्याहून मोठा फटका म्हणजे दुसऱ्या घरावरचा ५ टक्के अधिभार. भारतातल्या घरातला तुमचा हिस्सा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर इथलं घर साधारणपणे 'दुसरं' ठरतं, आणि नवरा-बायको यासाठी एकच धरले जातात. समजा घर ४,५०,००० पौंडांचं आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी पहिल्यांदा घेणाऱ्याला ७,५०० पौंड ड्यूटी, सवलत नसेल तर १२,५००, आणि अधिभार लागला तर ३५,०००. हा हिशेब दोन्ही गावांत सारखाच, पण तो ऑफर देण्याआधी झाला नाही तर गावाची निवड हातात राहत नाही. नुकतेच इंग्लंडमध्ये आला असाल तर अनिवासी म्हणून आणखी २ टक्के लागतात का, तेही सॉलिसिटरला तेव्हाच विचारा.

शाळांचं थोडक्यात. हिचिनमध्ये मुलांची, मुलींची आणि प्रायरी ही मिश्र, अशा तीन सरकारी माध्यमिक शाळा आहेत, लेचवर्थमध्ये फर्नहिल आणि हायफील्ड. प्रवेशाचे नियम शाळेगणिक वेगळे आणि अंतर महत्त्वाचं, त्यामुळे गावापेक्षा गल्ली पाहा. माध्यमिकचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, प्राथमिकचा १५ जानेवारीपर्यंत. तारखेच्या वेळी जो पत्ता असेल तो पाहतात, म्हणून घराचा ताबा त्याआधी मिळेल असं गणित मांडा.

मराठी माणूस दोन्हीकडे विरळा. मसाले, कढीपत्ता, शेपू यासाठी लुटनचं बरी पार्क गाठायचं, हिचिन त्याला थोडं जवळ. गणपतीला लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जायचं तर दोन्हीकडून सारखाच फेरा, किंग्ज क्रॉसहून ट्यूब बदलत. आईवडील सहा महिन्यांसाठी येणार असतील तर माझा कौल निःसंशय लेचवर्थला. हिचिन खोलगट भागात वसलंय, गावाबाहेर निघणारे काही रस्ते चढाचे आहेत. लेचवर्थला सासऱ्यांना गुडघेदुखीतही रोज ब्रॉडवेवर एकट्याने फिरता आलं, बाकं जागोजागी होती, आणि दुसऱ्याच आठवड्यात कुत्रं फिरवणारे दोन आजोबा त्यांना नावाने हाक मारू लागले.

आठवड्यातून चार-पाच दिवस लंडन, मुलं अजून नाहीत किंवा मोठी झाली आहेत, असं असेल तर हिचिन घ्या, आणि पैसे खोल्यांवर नव्हे तर स्टेशनच्या जवळिकीवर खर्च करा. दोनच दिवस ऑफिस, मुलं लहान, भारतातून माणसं येऊन राहणार, तर लेचवर्थ. पाहायला शनिवारी दुपारी जाल तर दोन्ही गावं आवडतील. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी लंडनहून सहाच्या गाडीने निघा, पाहिलेल्या घरापर्यंत अंधारात चालत जा आणि मग ऑफरचा आकडा ठरवा.